एका बाकावर बसण्याचा हक्क : केंटकीतील बेरिया कॉलेजचे सहजीवन

अमेरिकेच्या केंटकी राज्यात ‘ब्लूग्रास’ म्हणून ओळखला जाणारा सुपीक गवताळ प्रदेश जेथे संपतो आणि ॲपलाचियन पर्वतरांगांच्या कडेचे डोंगर सुरू होतात, तेथे बेरिया हे छोटे गाव वसलेले असून, १८५५ साली त्या गावात एका खोलीच्या शाळेच्या रूपाने सुरू झालेले बेरिया कॉलेज आजही सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांपलीकडे वाढलेले नाही. हे कॉलेज कोणत्याही एका ख्रिस्ती पंथाशी बांधलेले नसले तरी स्वतःची ओळख ख्रिस्ती अशीच सांगते. १८९२ पासून तेथे कोणाही विद्यार्थ्याकडून शिक्षणशुल्क घेतले जात नाही. आणि प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाने अभ्यास सांभाळून आठवड्याला किमान दहा तास कॉलेजने नेमून दिलेले काम केलेच पाहिजे, असा दंडक आहे. फुकट शिक्षण आणि सक्तीचे श्रम या दोन गोष्टींमुळे बेरियाची कीर्ती पसरली आणि बेरियावर लिहिणारे बहुधा याच दोन गोष्टींभोवती फिरतात. मात्र या दोहोंच्याही आधी त्या गावात एक प्रयोग सुरू झाला होता आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच प्रयोग आहे. समाजाने ज्यांना कधी शेजारी बसू दिले नाही अशा तरुण माणसांना एका वर्गात, एका जेवणघरात आणि एका कामावर आणले तर त्यांच्यात बंधुभाव रुजतो का, आणि ही व्यवस्था मोडली तर त्या बंधुभावाचे काय होते, हे पाहण्याची दुर्मीळ संधी बेरियाच्या इतिहासाने दिली आहे.

संस्थेचे प्रवर्तक जॉन ग्रेग फी (१८१६–१९०१) हे केंटकीतल्याच ब्रॅकन परगण्यातील एका गुलाममालकाचे पुत्र होते. सिनसिनाटी येथील लेन सेमिनरीत, म्हणजे धर्मोपदेशक घडवणाऱ्या विद्यालयात, शिकत असताना गुलामगिरी हे पाप आहे, अशी त्यांची खात्री पटली आणि ती खात्री घेऊन ते घरी परतल्यावर वडिलांनी त्यांना वारसाहक्कातून वगळले. वडिलांच्या घरातील ज्युलिएट माइल्स नावाच्या गुलाम स्त्रीला फी यांनी वडिलांकडून विकत घेऊन मुक्त केले. पुढे १८५८ मध्ये आपल्या मुलानातवंडांना ओहायो नदीपलीकडच्या मुक्त प्रदेशात नेण्याचा प्रयत्न करताना ती पकडली गेली आणि राज्याच्या तुरुंगातच तिचा अंत झाला. गुलामगिरीचा प्रश्न फी यांच्यासमोर केवळ तत्त्वचर्चेच्या रूपात कधीच नव्हता, ही गोष्ट त्यांच्या पुढील आग्रहांचा अर्थ लावताना ध्यानात ठेवावी लागते.

फी यांना ज्या संस्थेचे पाठबळ लाभले तिच्याशी महाराष्ट्राचा एक आडवळणाचा संबंध पोहोचतो. मुंबईत १८१३ पासून आणि अहमदनगरात १८३१ पासून काम करणारे अमेरिकन मराठी मिशन हे ‘अमेरिकन बोर्ड’ या परदेशी धर्मप्रसार मंडळाचे अपत्य होते. गुलाममालकांच्या विरोधात हे बोर्ड पुरेशी स्पष्ट भूमिका घेत नाही, या असंतोषातून काही मंडळी बाजूला झाली आणि त्यांनी १८४६ मध्ये ‘अमेरिकन मिशनरी असोसिएशन’ ही वेगळी संस्था उभारली. फी हे या दुसऱ्या संस्थेचे केंटकीतील प्रचारक होते. गुलामगिरीचे विरोधक असलेले श्रीमंत राजकारणी कॅशियस क्ले यांनी त्यांना डोंगरपायथ्याशी जमीन देऊ केली, आणि बायबलच्या नव्या करारात, ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, मोकळ्या मनाने शास्त्र तपासून पाहणाऱ्या लोकांचे म्हणून ज्या नगराचा उल्लेख येतो त्याचे नाव फी यांनी या वस्तीला दिले. ईश्वराने पृथ्वीवरची सर्व माणसे एकाच रक्ताची निर्माण केली, या आशयाचे त्याच पुस्तकातील वचन कॉलेजचे ब्रीद झाले आणि आजही आहे. क्ले आणि फी यांची मैत्री मात्र टिकली नाही. गुलामगिरी घटनेच्या चौकटीत हळूहळू संपवावी असे क्ले यांचे मत होते, तर ईश्वराच्या नियमाविरुद्ध जाणारा मानवी कायदा पाळण्याचे बंधन कोणावरही नाही, हे फी उघडपणे सांगत. १८५६ मध्ये एका जाहीर सभेतच हा मतभेद प्रकट झाला आणि क्ले यांचे संरक्षण संपले. गुलामगिरीविरुद्ध जॉन ब्राउन यांनी केलेल्या सशस्त्र उठावानंतर, डिसेंबर १८५९ मध्ये, परगण्यातील साठएक हत्यारबंद प्रतिष्ठितांनी बेरियाच्या मंडळींना दहा दिवसांत राज्य सोडण्यास फर्मावले आणि शाळा बंद पडली.

फी यांच्या लेखनात आणि संस्थेच्या आरंभीच्या उद्दिष्टांत गुलामगिरीच्या जोडीने ‘जातीला’ विरोध हा शब्दप्रयोग येतो. त्या काळातील अमेरिकी सुधारक वर्णावरून ठरणाऱ्या उच्चनीचतेला ‘कास्ट’ म्हणत, आणि गुलामगिरी कायद्याने संपली तरी ही उच्चनीचता आपोआप संपणार नाही, हे फी यांनी फार लवकर ओळखले होते. गुलामगिरीचे अनेक विरोधकही कृष्णवर्णीयांसोबत जेवण्याची कल्पना सहन करू शकत नव्हते. याचा प्रत्यय यादवी युद्धाच्या काळात कॅम्प नेल्सन या लष्करी तळावर आला. लेक्सिंग्टनच्या दक्षिणेला असलेला हा तळ कृष्णवर्णीय सैनिकांच्या भरतीचे मोठे केंद्र होता. भरती होणारा पुरुष स्वतंत्र होई, परंतु त्याच्यामागून आलेली बायकामुले कायद्याने गुलामच राहत, आणि नोव्हेंबर १८६४ च्या कडाक्याच्या थंडीत सुमारे चारशे बायकामुलांना तळाबाहेर हाकलले गेले तेव्हा त्यांतील शंभरावर जीव दगावले. यातून उठलेल्या संतापानंतर तेथे निर्वासितांसाठी निवारे आणि शाळा उभ्या राहिल्या आणि फी यांनी तेथे एकोणीस वर्षांच्या आतबाहेरच्या बेल मिचेल या कृष्णवर्णीय तरुणीला शिक्षिका म्हणून आणले. तिला त्यांनी सर्वांच्या जेवणघरात आपल्या टेबलाशी बसवले, तेव्हा गुलामांच्या मुलांना शिकवण्यासाठीच आलेल्या गोऱ्या शिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनी तिच्याबरोबर जेवण्यास नकार दिला. फी हटले नाहीत. परंतु ते काही काळ तळावरून बाहेर गेले असता तिला कामावरून दूर करण्यात आले. पंक्तिभेदाचा इतिहास ज्याच्या घरात आहे अशा मराठी वाचकाला हा प्रसंग उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही. बेल मिचेल पुढे बेरियात शिकल्या, लेक्सिंग्टनमध्ये त्यांनी शिक्षिका म्हणून काम केले आणि तेथील कृष्णवर्णीय अनाथांसाठी निवास उभारण्यात पुढाकार घेतला. फी यांच्या मनात मात्र कॅम्प नेल्सनच्या जेवणघराने एक गोष्ट पक्की केली असावी : उपदेश, दानधर्म आणि शिकवणे हे सारे जागच्या जागी राहूनही ताट वेगळे राहू शकते, म्हणून सुरुवात ताटापासून केली पाहिजे.

१८६६ मध्ये बेरियाची शाळा पुन्हा उघडली आणि तिच्यात पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाले तेव्हा अनेक गोरे विद्यार्थी वर्गातून उठून गेले. तरीही १८६६–६७ या वर्षाच्या पटावर १८७ विद्यार्थी होते आणि त्यांत ९६ कृष्णवर्णीय व ९१ गोरे होते. पुढची सुमारे पंचवीस वर्षे हे प्रमाण साधारणपणे निम्मेनिम्मे राहिले, आणि दक्षिणेकडील राज्यांत कोठेही, कोणत्याही संस्थेत, इतका काळ इतक्या बरोबरीने असे घडल्याचे दिसत नाही. महाविद्यालय हा शब्द तेव्हाच्या बेरियाला सैलपणेच लावावा लागतो. बहुसंख्य मुले प्राथमिक किंवा पूर्वतयारीच्या वर्गांत असत, पदवीच्या वर्गांत मोजकेच पोहोचत आणि पहिल्या पदव्या १८७३ मध्ये दिल्या गेल्या. वर्गात वयाचाही मेळ नसे. काल गुलाम असलेला आणि युद्धात लढून आलेला प्रौढ मनुष्य अक्षरे गिरवत असे, तेव्हा त्याच्या शेजारी डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्याचा लहान मुलगा बसलेला असे. फी यांनी कॅम्प नेल्सनहून ज्यांना बेरियात येण्याचा आग्रह केला त्या अँगस बर्ली या सैनिकाने याच वर्गांतून वर चढत १८७५ मध्ये पदवी मिळवली. ज्युलिया ब्रिटन ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी शिकता शिकताच वाद्यसंगीताची शिक्षिका झाली आणि गोरी व कृष्णवर्णीय मुले तिच्या हाताखाली पियानो शिकली. शिक्षकाच्या जागी कृष्णवर्णीय स्त्री आणि विद्यार्थ्याच्या जागी गोरा मुलगा, हे दृश्य त्या दशकातील केंटकीत अन्यत्र अशक्य होते.

या काळातील विद्यार्थिजीवन आजच्या मापाने कडक होते. दारू व तंबाखू वर्ज्य होती, प्रार्थनेस उपस्थिती सक्तीची होती, मुलामुलींच्या भेटीगाठींवर शिक्षकांची नजर असे. तथापि ओबर्लिन कॉलेजातून आलेले पहिले अध्यक्ष एडवर्ड हेन्री फेअरचाइल्ड (कार्यकाळ १८६९–१८८९) आणि विश्वस्त यांनी या कडक नियमांत वर्णभेद शिरू दिला नाही. गोऱ्या व कृष्णवर्णीय तरुण-तरुणींनी समारंभांना जोडीने जावे की नाही, हा प्रश्न १८७२ मध्ये विश्वस्तांपुढे आला तेव्हा त्यांनी तत्त्वतः बंदी घालण्यास नकार दिला आणि देखरेखीचा सर्वसाधारण नियमच लागू ठेवला. आंतरवर्णीय विवाह केंटकीत गुन्हा असताना घेतलेला हा निर्णय होता. याच्या पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना आदरपूर्वक अर्पण केले. फुले यांना बेरियाची वार्ता असण्याचे कारण नव्हते, परंतु ज्या लोकांना उद्देशून ते लिहीत होते त्यांचा सर्वांत निर्भय प्रयत्न त्या वेळी केंटकीच्या एका खेड्यात चालू होता, ही नोंद त्या अर्पणपत्रिकेशेजारी ठेवण्याजोगी आहे.

आणखी एक बंदी येथे सांगितली पाहिजे, कारण सहजीवनाच्या दृष्टीने ती सर्वांत परिणामकारक ठरली. अमेरिकी कॉलेजांत ग्रीक अक्षरांच्या नावांनी ओळखली जाणारी विद्यार्थी-मंडळे असतात, मुलांच्या मंडळाला ‘फ्रॅटर्निटी’ आणि मुलींच्या मंडळाला ‘सोरॉरिटी’ म्हणतात, आणि त्यांत प्रवेश निवडीने, बहुधा पैसा, घराणे आणि रूप पाहून, गुप्त विधींसह दिला जातो. फी यांचा गुप्त मंडळांना धार्मिक विरोध होता. बंधुभावाच्या नावाखाली काहींना आत घेऊन इतरांना बाहेर ठेवणारी व्यवस्था त्यांना ख्रिस्ती वाटत नव्हती. बेरियात आजही अशी मंडळे नाहीत. अमेरिकी विद्यार्थिजीवनाची चित्रे पाहणाऱ्याला यातील वेगळेपणाची कल्पना लगेच येणार नाही, पण जेथे मैत्री जुळवण्याचे अधिकृत दुकानच नाही तेथे ती वसतिगृहाच्या खोलीत, जेवणाच्या रांगेत आणि कामाच्या ठिकाणी, म्हणजे नेमणुकीने शेजारी आलेल्या माणसाशीच, जुळवावी लागते.

१८९२ मध्ये ग्रीक भाषेचे प्राध्यापक विल्यम गुडेल फ्रॉस्ट अध्यक्ष झाले आणि बेरियाचे वळण बदलले. फ्रॉस्ट हे कर्तृत्ववान होते, निधी उभारण्याचे कौशल्य त्यांच्यापाशी असामान्य होते, आणि शिक्षणशुल्क नाही हे धोरण ज्यामुळे टिकू शकले तो पाया त्यांच्या काळात घातला गेला. ॲपलाचियातील दरिद्री गोऱ्या डोंगरी लोकांची त्यांना खरी कळकळ होती. या लोकांना त्यांनी १८९९ मधील एका गाजलेल्या लेखात ‘आपले समकालीन पूर्वज’ असे नाव दिले आणि उत्तरेतील धनिकांच्या मनात त्यांच्याविषयी आस्था निर्माण केली. परंतु डोंगरी गोऱ्या मुलांची संख्या वाढवताना कृष्णवर्णीयांचे प्रमाण घसरत गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी, एकूण पट हजाराच्या जवळ पोहोचला तेव्हा, सहा विद्यार्थ्यांत साधारण एक कृष्णवर्णीय उरला होता. १८७२ च्या निर्णयातील मोकळीक मागे घेतली गेली. जेम्स हॅथवे या कृष्णवर्णीय शिक्षकाला बढती नाकारली गेली आणि ते सोडून गेले. कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांनी तक्रारी केल्या, वृद्ध फी यांनीही नापसंती व्यक्त केली. फ्रॉस्ट यांचा हेतू वाईट होता असे म्हणण्यास आधार नाही. परंतु सहजीवन म्हणजे उपकाराचे क्षेत्र वाढवणे नव्हे, हे त्यांना उमगले नाही, आणि बेरियाच्या इतिहासात जी गोष्ट नंतर कायद्याने तोडली ती आतून आधीच सैल झालेली होती, हे कटू सत्य संस्थेच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवे.

जानेवारी १९०४ मध्ये ब्रेथिट परगण्याचे आमदार कार्ल डे यांनी गोऱ्या व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एकत्र शिकवण्यास बंदी घालणारे विधेयक केंटकीच्या विधिमंडळात मांडले. राज्यातील सरकारी शाळा आधीच विभक्त होत्या, त्यामुळे प्रत्यक्षात हा कायदा बेरिया या एका संस्थेसाठीच होता. अशी संस्था चालवणाऱ्यास १,००० डॉलर दंड आणि शिक्षेनंतर गुन्हा चालू ठेवल्यास दररोज १०० डॉलर, तर तेथे बसून शिकणाऱ्या विद्यार्थ्यास दररोज ५० डॉलर दंड, अशी तरतूद होती; कृष्णवर्णीयांसाठी वेगळी शाखा काढायची तर ती किमान २५ मैल दूर असावी, असेही त्यात म्हटले होते. विद्यार्थ्याचे शेजारी बसणे हाच गुन्हा ठरवणारा हा कायदा मार्चमध्ये संमत झाला. त्याच्या आदल्याच वर्षी कार्टर वुडसन हे बेरियातून पदवी घेऊन बाहेर पडले होते. वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसाखाणींत काम करून उशिरा शाळेत गेलेले हे गृहस्थ पुढे कृष्णवर्णीयांच्या इतिहासलेखनाचे अध्वर्यू झाले आणि १९२६ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या इतिहास-सप्ताहातूनच आज फेब्रुवारीत पाळला जाणारा ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’ उभा राहिला. कायदा दोन वर्षे आधी झाला असता तर वुडसन यांच्यासाठी ते दार बंद झाले असते.

बेरियाने न्यायालयात दाद मागितली. केंटकीच्या सर्वोच्च न्यायपीठाने २५ मैलांची अट तेवढी अवाजवी ठरवून कायदा उचलून धरला, आणि नोव्हेंबर १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायम केला. संस्था ही राज्याने दिलेल्या सनदेवर जगणारी कायदेशीर व्यक्ती असून सनदेत बदल करण्याचा राज्याला अधिकार आहे, एवढाच अरुंद आधार बहुमताने घेतला. माणसांना आपखुशीने एकत्र येण्याचा हक्क आहे की नाही, या मूळ प्रश्नाला त्याने बगल दिली. हे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती डेव्हिड ब्रूअर हे एका ख्रिस्ती मिशनऱ्याचे पुत्र होते, तर सर्वांत तीव्र भिन्नमत नोंदवणारे न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन हे केंटकीतील गुलाममालक कुटुंबात वाढलेले होते. निरुपद्रवी हेतूने स्वेच्छेने एकत्र बसणाऱ्या नागरिकांना सरकार केवळ वर्णावरून वेगळे करू शकत असेल, तर उद्या ते उपासनेसाठीही त्यांना एकत्र जमू देणार नाही, असा हार्लन यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. ख्रिस्ती बंधुभावाचा अर्थ त्या न्यायालयात कोणी जपला, हे वंशावळीवरून ठरले नाही.

कायदा अंमलात आला तेव्हा बेरियाने आपल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना फिस्क विद्यापीठासारख्या अन्य संस्थांत धाडले आणि त्यांच्या प्रवासखर्चाला मदत केली. मागे राहिलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांनी त्यांना सहानुभूतीचे पत्र दिले. त्या पत्राचा प्रामाणिकपणा नाकारण्याचे कारण नाही, पण त्यानंतरच्या ४६ वर्षांत बेरियाच्या वर्गात एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी बसू शकला नाही आणि त्या काळात तेथे शिकलेल्या पिढ्यांना संस्थेचे ब्रीदवाक्य केवळ भिंतीवर वाचायला मिळाले. कृष्णवर्णीयांसाठी निधी जमवून सिम्पसनव्हिल गावाजवळ लिंकन इन्स्टिट्यूट ही वेगळी शाळा १९१२ मध्ये उघडण्यात आली. व्हिटनी यंग (वरिष्ठ) यांनी ती अनेक वर्षे समर्थपणे चालवली आणि त्याच आवारात जन्मलेला त्यांचा त्याच नावाचा मुलगा पुढे ‘नॅशनल अर्बन लीग’ या नागरी हक्क संघटनेचा प्रमुख झाला. शाळा उत्तम निघाली, हे खरे. पण एका बाकाची दोन बाके झाली होती.

कृष्णवर्णीय विद्यार्थी गेल्यानंतर बेरियाचे सहजीवन ज्या गोष्टीवर उभे राहिले ती म्हणजे श्रम. तिची मुळे जुनी होती. फ्रॉस्ट यांच्या काळात डोंगरातील आया मुलांच्या खर्चापोटी घरी विणलेल्या जाड, नक्षीदार चादरी आणून देत आणि कॉलेज त्या उत्तरेकडे विकत असे. त्यातून विणकामाचा विभाग निर्माण झाला आणि १९११ पासून ॲना अर्नबर्ग या स्वीडिश विणकर बाईंनी त्याला शिस्त लावली. कॉलेजच्या वीटभट्टीतील विटांनी विद्यार्थ्यांनी इमारती बांधल्या. ऑलिव्हिया फेल्प्स स्टोक्स या दात्या बाईंनी प्रार्थनामंदिरासाठी पैसा देताना ते विद्यार्थ्यांच्याच हातांनी बांधले जावे अशी इच्छा प्रकट केली आणि १९०६ मध्ये ते उभे राहिले. ‘बून टॅव्हर्न’ हे १९०९ मध्ये उघडलेले पाहुण्यांचे हॉटेल आजही कॉलेजच्या मालकीचे असून तेथे विद्यार्थी काम करतात, आणि केरसुण्या व झाडू बांधण्याचा कारखाना १९२० पासून चालत आला आहे. शेती तर १८७१ पासून सलग चालू आहे.

येथेच बेरियाचा धागा अहमदनगरपर्यंत येऊन पोहोचतो. डेव्हिड कॅरोल चर्चिल हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेले अभियंते विसाव्या शतकाच्या आरंभी मिशनरी म्हणून अहमदनगरला आले होते. दुष्काळाने पिचलेल्या त्या जिल्ह्यात विणकरांना पोटापुरते मिळावे म्हणून त्यांनी कमी कष्टात जास्त कापड देणारा सुधारित धोट्याचा हातमाग तयार केला आणि त्यावर माणसे शिकवली. ‘चर्चिल माग’ या नावाने तो ओळखला जाऊ लागला. अमेरिकेत परतल्यावर ते बेरिया कॉलेजात आले आणि १९२२ मध्ये पत्नी एलेनॉर यांच्यासह त्यांनी त्याच गावात ‘चर्चिल वीव्हर्स’ हा हातमाग-उद्योग सुरू केला. पुढे तो देशातील मोठ्या हातमाग-उद्योगांपैकी एक झाला आणि २००७ पर्यंत चालला. नगर जिल्ह्यातील विणकरांच्या अडचणींवर शोधलेले उत्तर केंटकीच्या डोंगरी मुलींच्या उपजीविकेला उपयोगी पडले, ही देवघेव नेहमीच्या दिशेच्या उलट झालेली आहे आणि म्हणून ती अधिक मोलाची आहे.

‘कमवा आणि शिका’ ही कल्पना महाराष्ट्राला कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेमुळे चांगली परिचित आहे. तिच्याशी तुलना करता बेरियाच्या पद्धतीतील एक बाब उठून दिसते. आपल्याकडील बहुतेक कॉलेजांत अशी योजना गरजूंसाठी असते आणि त्यामुळे बागेत काम करणारा मुलगा कोण आणि का, हे इतरांना ठाऊक असते. बेरियात प्रवेशच मुख्यतः कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना दिला जातो आणि काम मात्र सर्वांनाच करावे लागते; त्यामुळे भांडी घासणे, गायींना चारा घालणे, ग्रंथालयात पुस्तके लावणे, संगणक दुरुस्त करणे किंवा माहितीपत्रके तयार करणे यांपैकी कोणतेही काम हे दारिद्र्याची खूण ठरत नाही. पहिल्या वर्षी बहुधा साधे काम नेमले जाते, पुढे विद्यार्थी आपल्या अभ्यासाला पूरक असे काम मागू शकतो आणि वरच्या वर्गांतले जाणते विद्यार्थी नव्यांवर देखरेख करतात. कामाचे मूल्यमापन होते आणि पदवी घेताना गुणपत्रकाबरोबरच केलेल्या कामाची नोंदही विद्यार्थ्याला मिळते. ज्याच्या हाताखाली आपण झाडू बांधायला शिकलो तो तरुण वर्गात आपल्याहून मागे असू शकतो, आणि तत्त्वज्ञानात पहिली येणारी मुलगी गोठ्यात नवखी असू शकते. एकाच माणसाची अनेक मापांनी पारख होत असल्यामुळे एका मापावर आधारलेली उतरंड तेथे पक्की होत नाही. बेरियाच्या बंधुभावाचे रहस्य शोधायचे असेल तर ते या व्यवस्थेत आहे, तेथील लोकांच्या स्वभावात नव्हे.

श्रमाच्या या धाग्याभोवती सण आणि विसावा यांचीही वीण आहे. शरद ऋतूत एक दिवस वर्ग बंद ठेवून सर्व विद्यार्थी व शिक्षक जवळच्या ‘पिनॅकल्स’ या कड्यांवर चढून जातात. ‘माउंटन डे’ ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे आणि पूर्वी त्यासाठी घोड्यांच्या गाड्या निघत. एकेकाळी नाचाला प्रतिकूल असलेल्या या कॉलेजात १९३० च्या दशकात डोंगरी लोकनृत्ये शिकवणे सुरू झाले आणि १९३८ पासून नाताळच्या सुट्टीत लोकनृत्याचे वर्ग भरतात, त्यांत बाहेरगावची कुटुंबेही येतात. ‘कॉन्व्होकेशन’ म्हणजे ठरावीक अंतराने होणारी व्याख्याने व संगीतसभा. त्यांतील काहींना उपस्थित राहणे अभ्यासाचाच भाग समजले जाते. ख्रिस्ती असणे याचा अर्थ मात्र काळानुसार बदलत गेला आहे. प्रार्थनेची जुनी सक्ती गेली, अन्य धर्मांचे आणि कोणताच धर्म न मानणारे विद्यार्थीही आले, डझनावारी देशांतून मुले येऊ लागली. १९६९ मध्ये संस्थेने आपल्या मूळ बांधिलक्या लेखी स्वरूपात मांडल्या तेव्हा त्यांत ख्रिस्ती मूल्ये, श्रमाची प्रतिष्ठा, ॲपलाचियाची सेवा आणि सर्व मानवांचे नाते यांना एकत्र स्थान देण्यात आले. मुलाबाळांसह शिकायला येणाऱ्या, बहुधा एकट्या, आईबापांसाठी कॉलेजच्या आवारात घरे आणि शेजारीच बालशाळा आहे. अशी सोय असलेली कॉलेजे अमेरिकेत थोडी आहेत, आणि तरुण आईला वर्गाबाहेर ठेवणारी भिंत पाडणे हे फी यांच्या मूळ आग्रहाशी सुसंगतच आहे.

१९५० मध्ये केंटकीने १९०४ च्या त्या डे कायद्यात दुरुस्ती करून उच्च शिक्षणापुरती बंदी उठवली आणि तेव्हाचे अध्यक्ष फ्रान्सिस हचिन्स यांच्या काळात बेरियाने लगेच कृष्णवर्णीयांसाठी प्रवेश खुला केला. पण पटावर नाव येणे वेगळे आणि सहजीवन पूर्ववत होणे वेगळे. पहिली अनेक वर्षे ही संख्या अगदी तुरळक होती, आणि अर्धशतकात गावाच्या सवयी बदलल्या होत्या. मार्च १९६५ मध्ये अलाबामा राज्यातील सेल्मा ते माँटगोमरी या मतदान-हक्काच्या मोर्चासाठी बेरियातून ५८ जण गेले तेव्हा त्यांना कॉलेजचा अधिकृत पाठिंबा मिळाला नाही. गोरे आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी व काही शिक्षक आपल्या जबाबदारीवर निघाले. या घटनेतून संस्थेपेक्षा विद्यार्थ्यांनी ब्रीदवाक्य अधिक गांभीर्याने घेतले होते, असेच म्हणावे लागेल. केंटकीच्याच हॉपकिन्सव्हिल गावात जन्मलेल्या लेखिका व विचारवंत बेल हुक्स २००४ मध्ये बेरियात अध्यापनासाठी आल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्याच गावात त्यांचे निधन झाले. वर्ण, वर्ग आणि स्त्रीत्व यांच्या गुंतागुंतीवर आयुष्यभर लिहिणाऱ्या या बाईंनी मोठ्या विद्यापीठांचा मोह सोडून गरीब घरच्या मुलांचे हे कॉलेज निवडले. आज बेरियातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा वाटा पुन्हा लक्षणीय झाला आहे, पण निम्म्यानिम्म्या पटावर संस्था परत पोहोचलेली नाही.

ही सर्व व्यवस्था ज्या पैशावर चालते त्याची तजवीज विश्वस्तांच्या १९२० मधील एका निर्णयात आहे : मृत्युपत्रांद्वारे मिळणाऱ्या आणि विशिष्ट कामासाठी न बांधलेल्या देणग्या खर्च न करता कायम निधीत टाकायच्या. शंभर वर्षांत तो निधी एक अब्ज डॉलरांपलीकडे गेला आणि मुख्यतः त्याच्या उत्पन्नावर प्रत्येक विद्यार्थ्याचे शिक्षण होते. २०१७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने श्रीमंत विद्यापीठांच्या निधीवर कर बसवला, तेव्हा विद्यार्थ्यामागे निधी मोजण्याच्या सूत्रामुळे हे गरिबांचे कॉलेजही त्या जाळ्यात सापडणार होते. पुढच्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन शुल्क भरणारे विद्यार्थी किमान ५०० असतील त्याच संस्थांना कर लागू झाला, आणि जेथे शुल्क भरणारा विद्यार्थीच नाही असे बेरिया त्यातून सुटले. दर वर्षी प्रवेशाचे अर्ज तपासताना तेथील कचेरी इतर कॉलेजांच्या नेमकी उलट छाननी करते : कुटुंबाचे उत्पन्न ठरावीक मर्यादेहून अधिक असेल तर गुण कितीही असोत, त्या मुलाला सामान्यतः जागा दिली जात नाही, कारण ती जागा ज्याला दुसरीकडे कोठेही जाता येणार नाही अशा मुलासाठी राखलेली असते.